न्यूयॉर्कचे ‘समिट वन व्हँडरबिल्ट’: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून जाणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील कितीतरी घरांतील मुले-मुली आज न्यूजर्सी आणि न्यूयॉर्कच्या परिसरात नोकरीनिमित्त राहतात. आई-वडील किंवा सासू-सासरे चार-सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेले, की मॅनहॅटनमधील आरशांच्या त्या उंच इमारतीवर त्यांना हमखास नेले जाते. निघण्यापूर्वी ही मंडळी जे प्रश्न विचारतात, ते उत्तरांसह येथे दिले आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगितली पाहिजे. ही जागा उंचावरून शहर पाहण्याची जशी आहे, तशीच ती एक कलाकृतीही आहे, आणि तिला कलाकृतीसारखा वेळ दिला नाही तर तिकिटाचे पैसे केवळ लिफ्टसाठी मोजल्यासारखे होते. पुढील बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हाच विचार आहे.

‘समिट’ म्हणजे नेमके काय?

मॅनहॅटनच्या मध्यभागी, 1913 साली सुरू झालेल्या ग्रँड सेंट्रल टर्मिनल या रेल्वे स्थानकाला लागून, ‘वन व्हँडरबिल्ट’ ही कार्यालयांची इमारत उभी आहे. तिची रचना कोन पेडरसन फॉक्स या वास्तुरचनाकार संस्थेची असून एसएल ग्रीन या कंपनीने उभारलेली ही इमारत सप्टेंबर 2020 मध्ये खुली झाली. टोकापर्यंतची तिची उंची 427 मीटर आहे. माथ्याजवळच्या, 91 ते 93 असे क्रमांक दिलेल्या मजल्यांवर 21 ऑक्टोबर 2021 पासून ‘समिट’ हा ऑब्झर्व्हेशन डेक, म्हणजे उंचावरून शहर पाहण्याची जागा, सुरू आहे. आतील मांडणी स्नोहेटा या संस्थेने केली असून, दालनांतून साकारलेली ‘एअर’ ही कलाकृती केन्झो डिजिटल या कलाकाराची आहे.

आत गेल्यावर एकामागून एक दालने लागतात. पहिले आणि सर्वांत प्रसिद्ध दालन ‘ट्रान्सेंडन्स’ हे आहे. त्याची जमीन आरशाची, छत आरशाचे आणि बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत काच. ‘अ‍ॅफिनिटी’ या दालनात चंदेरी फुगे तरंगत असतात आणि पाहुण्यांच्या हालचालीने इकडेतिकडे सरकतात. ‘लेव्हिटेशन’ म्हणजे इमारतीच्या भिंतीतून बाहेर काढलेल्या काचेच्या पेट्या. त्यांत उभे राहिले, की पायाखालच्या काचेतून 324 मीटर खाली मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरील वाहने दिसतात. ‘असेंट’ ही इमारतीच्या बाहेरच्या अंगाने वर जाणारी काचेची लिफ्ट असून ती सुमारे 369 मीटरपर्यंत नेते. तिचे तिकीट वेगळे असते. याशिवाय वर उघडी गच्ची आहे.

बेळगाव आधीच इतके उंचावर असताना या उंचीचे विशेष काय?

हा प्रश्न ज्येष्ठ मंडळी गंभीरपणे विचारतात आणि तो रास्त आहे. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर वसलेले आहे, तर मॅनहॅटन जवळजवळ समुद्राच्या पातळीवर आहे. म्हणजे ‘वन व्हँडरबिल्ट’चे अगदी टोकसुद्धा आपल्या टिळकवाडीतील रस्त्यापेक्षा बरेच खाली भरते. परंतु उंचीची जाणीव समुद्रसपाटीवरून होत नाही. पायाखालची जमीन किती सरळ आणि किती खोल तुटली आहे, त्यावरून ती होते. बेळगावात किल्ला तलावाकाठी 110 मीटर उंचीचा ध्वजस्तंभ आहे. त्याच्या तळाशी उभे राहून मान वर करावी आणि तसे जवळजवळ तीन स्तंभ एकावर एक कल्पावेत. ‘लेव्हिटेशन’मधील पेटीची जमीन तेवढ्या उंचीवर आहे. राजहंसगडावरूनही दूरवरचा मुलूख दिसतो, पण तेथे डोंगराचा उतार नजरेला हळूहळू खाली नेतो. येथे मध्ये उतारच नसतो.

हवा स्वच्छ असेल तर या उंचीवरून क्षितिज सुमारे 65 किलोमीटर दूर असते. उत्तरेला सेंट्रल पार्क, दक्षिणेला एम्पायर स्टेट बिल्डिंग आणि तिच्यामागे खूप दूर वन वर्ल्ड ट्रेड सेंटर, पूर्वेला जवळच क्रायस्लर बिल्डिंग आणि ईस्ट नदी, पश्चिमेला हडसन नदी आणि तिच्या पलीकडे मुलांचे न्यूजर्सी अशी मोठी ठिकाणे ओळखू येतात. वर जाण्यापूर्वी नकाशावर ही पाच-सहा नावे पाहून ठेवावीत. ओळखीचे काही दिसले, की पाहण्यात जीव येतो.

एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून शहर पाहणे आणि येथून पाहणे यात फरक काय?

पहिला फरक साधा आहे. एम्पायर स्टेटवर उभे राहिल्यावर एम्पायर स्टेट दिसत नाही. येथून ती समोर पूर्ण दिसते, आणि न्यूयॉर्कच्या चित्रातून ती काढून टाकली तर बरेच काही हरवते.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. 1931 साली एम्पायर स्टेट बांधून झाली तेव्हा मंदीमुळे तिच्यातील कार्यालये रिकामी होती आणि पहिल्या वर्षी वरच्या डेकच्या तिकिटांतून आलेली रक्कम भाड्याच्या उत्पन्नाच्या तोडीची होती. तेव्हापासून उंच इमारतींच्या मालकांना माथ्याचे मोल कळले आहे. परंतु त्या जुन्या पद्धतीच्या डेकवर पाहणारा आणि दृश्य हे दोघे वेगळे राहतात: आपण कठड्याशी उभे, शहर समोर. ‘समिट’मध्ये हे अंतर जाणूनबुजून मोडले आहे. आरशाच्या जमिनीत आकाश उतरते, छतात रस्ते चढतात, आणि या दोहोंच्या मध्ये आपण स्वतः उलटे-सुलटे अनेकदा दिसतो. शहर पाहताना स्वतःला टाळता येत नाही, आणि तोच या रचनेचा हेतू आहे.

समोरासमोरच्या दोन आरशांत प्रतिमा अंतहीन दिसाव्यात असे वाटते, पण नीट पाहिले तर दूरदूरच्या प्रतिमा हळूहळू मंद होत जातात आणि त्यांना हिरवट छटा येते. प्रत्येक परावर्तनात थोडा प्रकाश शोषला जातो, आणि साध्या काचेत लोहाचा अंश असल्यामुळे ती हिरवा प्रकाश इतर रंगांपेक्षा कमी शोषते, म्हणून शेवटी हिरवा तेवढा उरतो. जमिनीकडे पाहत, आपल्याच पायांखाली दिसणाऱ्या छतात पुन्हा दिसणारी जमीन नजरेने मोजत जावे. पाच-सहा थरांनंतर प्रकाश किती उणावला ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. बहुतेक लोक फोटोच्या घाईत हे पाहतच नाहीत, याचे वाईट वाटते.

वास्तूने पाहुण्यालाच आपला भाग करून घ्यावे, ही कल्पना आपल्या भागाला नवी नाही. विजापूरच्या गोलघुमटात, 1656 साली पूर्ण झालेल्या मुहम्मद आदिलशहाच्या त्या समाधीत, वरच्या सज्जात एका बाजूने कुजबुजले तर पलीकडे ऐकू येते आणि एक टाळी अनेकदा परत येते. पाहुण्याने आवाज दिल्याशिवाय तो सज्जा पूर्ण होत नाही. ‘समिट’मध्ये आवाजाची जागा प्रकाशाने घेतली आहे. शाळेच्या सहलीत ज्यांनी गोलघुमटात टाळी वाजवली आहे, त्यांना या कलाकृतीचे मर्म समजावून सांगावे लागत नाही.

कुसामा हे नाव तेथे ऐकायला मिळते, त्या कोण?

यायोई कुसामा या 1929 साली जपानमधील मात्सुमोतो येथे जन्मलेल्या कलावंत आहेत. 1958 साली त्या न्यूयॉर्कला आल्या आणि 1965 साली त्यांनी आरशांची आपली पहिली खोली उभी केली. पाहणाऱ्याला आरशांनी चहूकडून वेढून टाकण्याची जी पद्धत आज जगभर दिसते, तिचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी येते. लहानपणापासून त्यांना ठिपक्यांचे आणि जाळ्यांचे भास होत असत आणि त्या भासांनाच त्यांनी आपल्या कलेचा विषय केले. 1973 साली त्या जपानला परतल्या आणि 1977 पासून स्वेच्छेने मनोरुग्णालयात राहून रोज जवळच्या स्टुडिओत काम करत आल्या. ‘समिट’ सुरू झाले तेव्हा त्यातील ‘रिफ्लेक्ट’ या दालनात त्यांच्या ‘क्लाउड्स’ या शिल्पमालिकेला जागा देण्यात आली: जमिनीवर सांडलेल्या पाऱ्याच्या थेंबांसारखे, आरशासारखे चकाकणारे धातूचे आकार. या आकारांत शहर वाकते, ताणले जाते, गोळा होते. ज्या शहरात त्यांनी उमेदीची वर्षे हलाखीत काढली, त्याच शहराच्या माथ्यावर त्यांचे काम मांडले गेले, हे माहीत असेल तर त्या दालनातून कोणी दोन मिनिटांत बाहेर पडणार नाही.

साडी नेसून गेले तर चालेल का?

जमीन आरशाची असल्यामुळे सैल घेराचे कपडे टाळावेत, असे तेथेच सुचवले जाते, आणि ही सूचना मनावर घ्यावी. सलवार-कमीज, चुडीदार किंवा पँट सर्वांत सोयीची. पाचवारी साडीच नेसायची असेल तर आत लेगिंग किंवा चुडीदार घालावा, म्हणजे मन निर्धास्त राहते. काष्ट्याची नऊवारी या दृष्टीने उलट अगदी योग्य ठरते. फक्त तिचा काठ पायाच्या घोट्याच्या वर राहील अशी नेसावी. पुरुषांनी धोतर किंवा लुंगी टाळावी.

दुसरी गोष्ट पायांची. आरशांवर चरे पडू नयेत म्हणून पादत्राणांवर चढवण्यासाठी कापडी आवरणे दिली जातात. टोकदार टाचांची पादत्राणे चालत नाहीत. सपाट तळाचे, पाय पूर्ण झाकणारे बूट घालावेत. अंगठ्याच्या चपलेवर ते आवरण नीट बसत नाही आणि आतमध्ये पाय सरकतो. आवरण घातल्यावर आरशावर पाय किंचित घसरतो, म्हणून पहिली काही पावले कोणाचा तरी हात धरून टाकावीत. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्या मुलांनी हे विसरू नये. स्वतःला सवय असल्यामुळे ती भराभर पुढे निघून जातात आणि आई मागे एकटी राहते, असे तेथे वारंवार दिसते.

ऊन असेल तेव्हा काळा चष्मा जवळ ठेवावा. प्रकाश वरून येतो तसाच खालूनही येतो आणि डोळ्यांवर त्याचा मारा अनपेक्षित असतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांना तो विशेष त्रासदायक ठरू शकतो; त्यांनी सकाळची किंवा भर दुपारची वेळ घेऊ नये.

उंचीची भीती वाटते, चक्कर येते. जावे की नाही?

चक्कर का येते, हे समजून घेतले तर निर्णय सोपा होतो. आपला तोल तीन गोष्टींवर अवलंबून असतो: डोळे, कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय आणि पायांच्या तळव्यांना होणारी जाणीव. आपण उभे असताना शरीर सतत किंचित हलत असते, आणि जवळच्या वस्तू त्या हालचालीबरोबर सरकताना दिसतात म्हणून मेंदू तोल सावरत राहतो. खूप उंचावर जवळपास काहीच नसते. दूरचे शहर त्या बारीक हालचालीने सरकत नाही. डोळे काही सांगत नाहीत, कान वेगळे सांगतो आणि शरीर थोडे अधिक डोलू लागते. त्यात पायाखाली आरसा असेल तर जमीन नेमकी कोठे आहे, याचाच मेंदूला संभ्रम पडतो. म्हणून साध्या गच्चीवर ज्यांना काही होत नाही, त्यांनाही येथे क्षणभर गरगरल्यासारखे वाटू शकते, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

उपायही याच कारणमीमांसेतून निघतात. प्रवेश केल्याबरोबर मध्यभागी न जाता कडेला थांबावे. हात कशाला तरी टेकवावा, कारण स्पर्शाने तोल लगेच सावरतो. जवळच्या स्थिर वस्तूकडे, सोबतच्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहावे. तरीही बरे वाटले नाही तर खाली बसावे. तेथे पुष्कळ लोक आरशाच्या जमिनीवर मांडी घालून निवांत बसलेले असतात, त्यामुळे संकोच वाटण्याचे कारण नाही. दुहेरी काचेचा चष्मा वापरणाऱ्यांना खाली पाहताना जवळच्या वाचनाच्या भागातून पाहावे लागते आणि जमीन अंधुक दिसते. त्यांनी शक्य असल्यास केवळ दूरचे पाहण्याचा चष्मा घालून जावे.

ज्यांना कानाच्या दोषामुळे वारंवार चक्कर येते, अपस्माराचा त्रास आहे किंवा हृदयविकारासाठी डॉक्टरांनी ताण टाळण्यास सांगितले आहे, त्यांनी बेळगावातून निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांशी बोलावे. अमेरिकेत उपचारांचा खर्च कसा असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. शिवाय पोहोचल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत येथे जाऊच नये. न्यूयॉर्कची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडची पहाट. शरीर झोप मागत असते आणि अपुऱ्या झोपेत चक्कर लवकर येते.

‘लेव्हिटेशन’ आणि ‘असेंट’ हे दोन्ही ऐच्छिक आहेत. ते न करताही ‘समिट’ पूर्ण अनुभवता येते. घरच्यांनी कोणालाही “एवढे पैसे भरून आलोय तर जा की” असे म्हणून पेटीत ढकलू नये.

एवढी उंच इमारत वाऱ्याने हलते का? काच फुटली तर?

प्रत्येक गगनचुंबी इमारत वाऱ्यात किंचित झुलते आणि तिने तसे झुलावे अशीच तिची रचना केलेली असते. अजिबात न वाकणारी वस्तू मोडण्याचा धोका अधिक. हे झुलणे आतल्या माणसांना जाणवू नये म्हणून ‘वन व्हँडरबिल्ट’च्या माथ्याजवळ शेकडो टनांचे वजन बसवले आहे. इमारत एका बाजूला झुकू लागली, की ते विरुद्ध बाजूला सरकते आणि झोका शमवते.

पायाखालची काच ही काचेचे अनेक थर मध्ये चिकट पापुद्रे घालून एकजीव केलेली असते. एक थर तडकला तरी तुकडे जागेवरच धरून ठेवले जातात आणि उरलेले थर भार पेलतात.

लिफ्टमध्ये कानांत दडे बसतात. या उंचीवर हवेचा दाब जमिनीपेक्षा सुमारे चार टक्क्यांनी कमी असतो आणि लिफ्ट तो फरक मिनिटाभरात घडवते. आवंढा गिळला किंवा तोंडात आवळासुपारी चघळली, की कान मोकळे होतात. चोर्ला घाट उतरताना जे होते, तेच हे.

दिवसाची कोणती वेळ निवडावी?

सूर्यास्तापूर्वी सुमारे दीड तास आधीची. एकाच तिकिटात उजेड, संधिप्रकाश आणि दिव्यांनी उजळलेले शहर अशी तिन्ही रूपे मिळतात, आणि कलाकृती या तिन्हींत वेगवेगळी दिसते: दुपारी जमिनीत ढग, संध्याकाळी सगळे दालन केशरी, रात्री खाली-वर दिवेच दिवे. या वेळेला गर्दीही जास्त असते आणि दरही अधिक असतो. माझ्या मते आयुष्यात एकदाच जाणाऱ्यांनी तो द्यावा. गर्दी सोसत नसेल, तर आठवड्याच्या मधल्या वाराला सकाळची पहिली वेळ घ्यावी.

सूर्यास्ताची वेळ मात्र बेळगावच्या अंदाजाने ठरवू नये. आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे आपल्याकडे सूर्य वर्षभर साधारण सहा ते सात या वेळेत मावळतो. न्यूयॉर्क सुमारे 41 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे जूनअखेरीस सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होतो, तर डिसेंबरात साडेचारलाच अंधारू लागते. संधिप्रकाशही आपल्याकडच्यापेक्षा जास्त वेळ टिकतो, म्हणून सूर्य बुडाल्याबरोबर निघण्याची घाई करू नये. शहराचे दिवे आणि आकाशाचा निळा रंग यांचा मेळ त्यानंतरच्या अर्ध्या तासात बसतो.

ढग किंवा धुके असेल तर काय?

आंबोलीला कावळेसादच्या कठड्यावर पावसाळ्यात काय दिसते, हे आपल्याला सांगायला नको. इमारतीचा माथा ढगात असेल तर येथेही तेच: चहूकडे पांढरे. आरसे आणि फुगे तेव्हाही असतात आणि पांढऱ्या प्रकाशातील आरशाची खोली काही जणांना फार आवडते. परंतु शहर पाहण्याच्या आशेने गेलेल्यांची निराशा होते. त्यामुळे जाण्याचा दिवस शक्य तितका उशिरा, हवामानाचा अंदाज पाहून ठरवावा. हिवाळ्यात, विशेषतः थंड वारा वाहून गेल्यानंतरच्या दिवशी, हवा कोरडी आणि स्वच्छ असते. उन्हाळ्यात दमटपणामुळे दूरचे फिकट दिसते. उघड्या गच्चीवर खालच्यापेक्षा तापमान दोनएक अंशांनी कमी आणि वारा कितीतरी जास्त असतो, म्हणून उन्हाळ्यातही एखादी शाल किंवा जाकीट हातात असू द्यावे.

तिकीट कसे काढावे? बेळगावातून काढता येते का?

तिकीट ऑनलाइन मिळते आणि ते ठरावीक तारखेचे व वेळेचे असते. दर दिवसानुसार, वेळेनुसार आणि ‘असेंट’सारख्या जोडण्यांनुसार बदलतो, जाहिरातीतील आकड्यात कर आणि शुल्क नंतर मिळवले जाते, म्हणून शेवटच्या पानावरील रक्कम पाहूनच निर्णय घ्यावा. बेळगावातून काढायचे असल्यास आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का, ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये आधी तपासावे. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नव्या कार्डांवर ही सोय सुरुवातीला बंद असते आणि ग्राहकाला ती स्वतः सुरू करावी लागते.

तारखेबाबत मोठी सावधगिरी हवी. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. 07/08 म्हणजे तेथे 8 जुलै. आपण ते 7 ऑगस्ट असे वाचतो. महिना अक्षरांत लिहिलेला दिसेपर्यंत पैसे भरू नयेत.

मुलांकडे जाणाऱ्यांनी तिकीट मुलांनाच काढू द्यावे. हवामान पाहून दिवस ठरवणे त्यांना सोपे जाते.

न्यूजर्सीहून कसे पोहोचावे?

एडिसन, मेट्रोपार्क किंवा प्रिन्स्टन जंक्शन येथून न्यूजर्सी ट्रान्झिटची गाडी थेट न्यूयॉर्क पेन स्टेशनला येते. तेथून 1, 2 किंवा 3 क्रमांकाच्या सबवेने एक थांबा वर टाइम्स स्क्वेअर, आणि तेथून शटल किंवा 7 क्रमांकाची गाडी ग्रँड सेंट्रलला नेते. गुडघे ठीक असतील तर पेन स्टेशनपासून चालतही जाता येते. जर्सी सिटीत राहणाऱ्यांसाठी पाथ गाडीने थर्टी-थर्ड स्ट्रीटला उतरणे सोयीचे. वाहन घेऊन मॅनहॅटनमध्ये शिरण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचावे आणि तो अर्धा तास ग्रँड सेंट्रलच्या मुख्य दालनात घालवावा. त्याच्या हिरव्या-निळ्या छतावर सोनेरी रंगात नक्षत्रे काढलेली आहेत, आणि आरशांच्या आकाशात जाण्यापूर्वी हे रंगवलेले आकाश पाहणे दोन्हींना न्याय देणारे आहे.

सोबत काय नेऊ नये?

विमानतळासारखी तपासणी होते. मोठ्या बॅगा, ट्रायपॉड, चाकू आणि अर्थातच पानाच्या डब्यातील अडकित्ता घरी ठेवावा. तंबाखूची पुडी खिशात असेल तर ती तेथे उघडू नये.

शाकाहारी जेवणाची सोय आहे का?

वर खाण्यापिण्याची जागा आहे, पण ती हलक्या खाण्यासाठी आहे आणि उंचीइतकीच महाग आहे. आधी पोटभर खाऊन जाणे उत्तम. ग्रँड सेंट्रलच्या तळमजल्याखाली खाण्याची बरीच दुकाने आहेत. परतताना 6 क्रमांकाच्या सबवेने ट्वेंटी-एट्थ स्ट्रीटला उतरले, तर लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर भारतीय शाकाहारी उपाहारगृहे ओळीने आहेत. डोसा, इडली, थाळी सारे मिळते.

फोटो चांगले कसे येतील?

काचेतून शहराचा फोटो काढताना मोबाईल काचेला जवळजवळ टेकवावा आणि अंगावर गडद रंगाचे कपडे असावेत, म्हणजे आपलेच प्रतिबिंब फोटोत येत नाही. फ्लॅश बंद ठेवावा. आरशाच्या दालनात पाठीमागे उजेड असल्याने चेहरे काळे पडतात. पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून ठेवले, की मोबाईल उजेड त्याप्रमाणे जुळवून घेतो. कॅमेरा जमिनीच्या अगदी जवळ धरून काढलेल्या फोटोत माणूस आणि त्याचे प्रतिबिंब पायांना पाय जोडून उभे दिसतात. जरीच्या किंवा भडक रंगांच्या कपड्यांचे प्रतिबिंब तेथे फार सुंदर उठते. शहापूरच्या विणकरांच्या साडीचा दुपट्टा करून नेलेला मी पाहिला आहे आणि राखाडी-चंदेरी दालनात तेवढाच एक रंग उजळत होता.

पण फोटो शेवटी काढावेत. पहिली दहा मिनिटे मोबाईल खिशात ठेवावा, ही विनंती मी प्रत्येकाला करतो. डोळ्यांना त्या जागेचा सराव होण्यापूर्वीच पडदा मध्ये आला, तर आठवणीत फक्त पडदा राहतो.

बेळगावच्या घरच्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवता येईल का?

येईल, वेळेचा हिशेब जुळवावा लागेल. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. जुलैत तेथे साडेआठला सूर्य मावळत असतो तेव्हा बेळगावात सकाळचे सहा वाजलेले असतात आणि आपल्याकडे तो उगवत असतो. घरी कोणी लवकर उठणारे असेल तर मावळता आणि उगवता सूर्य एकमेकांना दाखवता येतो.

लहान मुले आणि व्हीलचेअरवरील व्यक्ती?

लहान मुलांना फुग्यांचे दालन सर्वांत जास्त आवडते आणि त्यांना तेथून बाहेर काढणे हेच काम होऊन बसते. तेवढा वेळ हाताशी ठेवावा. व्हीलचेअरसाठी लिफ्ट आणि सपाट वाटा आहेत. गुडघेदुखी असलेल्यांनी मात्र बसायला जागा कमी मिळेल हे गृहीत धरून, जाण्याच्या दिवशी दुसरे कोठलेही मोठे चालणे ठेवू नये.

न्यूयॉर्कमध्ये एकच डेक करायचा असेल तर हाच करावा का? दुबईत बुर्ज खलिफा पाहिला असेल तर?

बुर्ज खलिफा 4 जानेवारी 2010 रोजी खुला झाला, त्याची उंची 828 मीटर आहे आणि त्याचे डेक 124, 125 आणि 148 या मजल्यांवर आहेत. निव्वळ उंचीच्या बाबतीत न्यूयॉर्कमधील कोणतीही इमारत त्याच्या जवळपास येत नाही, म्हणून तो पाहिलेल्यांनी येथे उंचीसाठी जाऊ नये; आरशांसाठी आणि कुसामांसाठी जावे.

न्यूयॉर्कमध्ये पर्याय अनेक आहेत. एम्पायर स्टेटचा 86 वा मजला 320 मीटरवर आहे आणि तेथील उघड्या हवेत जुन्या न्यूयॉर्कचा बाज आहे. हडसन यार्ड्समधील ‘एज’ मार्च 2020 मध्ये सुरू झाला, 345 मीटरवर आहे आणि त्याची त्रिकोणी गच्ची इमारतीबाहेर झेपावलेली आहे. रॉकफेलर सेंटरवरील ‘टॉप ऑफ द रॉक’ उंचीने कमी, पण सेंट्रल पार्क तेथून फार जवळ वाटतो. ज्यांना आरशांची जमीन सोसणार नाही असे वाटते, त्यांनी निःसंकोचपणे ‘टॉप ऑफ द रॉक’ निवडावा. ज्यांना चित्र-शिल्पात मनापासून रस आहे, त्यांनी ‘समिट’ सकाळी करून दुपारी फिफ्टी-थर्ड स्ट्रीटवरील म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला जावे. ग्रँड सेंट्रलपासून ते चालत वीसएक मिनिटांच्या अंतरावर आहे.

एकूण किती वेळ राखून ठेवावा?

आत दीड ते दोन तास. एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर परत आत जाता येत नाही, म्हणून स्वच्छतागृह, पाणी आणि सोबतच्यांची विचारपूस बाहेर पडण्याच्या लिफ्टकडे वळण्यापूर्वी उरकावी, आणि परतीची गाडी ठरवताना पेन स्टेशनपर्यंतचा अर्धा तास वेगळा धरावा.